सात नंबर अजून बाहेर आहे

आमच्या रविवारच्या बैठकीत कुणीही काही बोलायच्या आधी ते म्हणायचे, "सात नंबर अजून आली नाही." मग चष्मा पुसायचे आणि आता दुसऱ्यांनी बोलायला हरकत नाही, अशा बेताने खुर्चीत मागे टेकायचे. नव्या माणसाला वाटायचं, यांच्या घरचं कुणीतरी बसने येतंय आणि बस लेट आहे. एका मुलीने काळजीने विचारलंही होतं, "कुठून यायची आहे, काका?"

"अंतराळातून," ते म्हणाले. विनोद केला असं त्यांना वाटलं नव्हतं, आणि त्यांनी तो केलाही नव्हता.

ते राज्याच्या बससेवेतून म्हैसूरच्या एका डेपोचे प्रमुख म्हणून निवृत्त झाले होते. आम्ही त्यांना डेपोकाका म्हणायचो. बैठक भरायची ती सरस्वतीपुरममधल्या एका दातांच्या दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत. रविवारी दवाखाना बंद. डॉक्टरीणबाई कॉमिक्सच्या नादाच्या आणि वरच्याच मजल्यावर राहणाऱ्या. हिरड्यांचा रोग कसकसा वाढतो ते दाखवणाऱ्या रंगीत तक्त्याखाली बसून स्वातंत्र्य या विषयावर चर्चा करायची आम्हाला सवय झाली होती.

काका तिथे आले ते कवळीसाठी. दवाखाना रविवारी बंद असतो हे त्यांना ठाऊक नव्हतं. आम्हाला आत बसलेलं पाहून ते पेशंटांच्या रांगेत बसल्यासारखे बसले, टेबलावरचा कॉमिकचा अंक उचलला आणि तासाभराने म्हणाले, "यात डेपोचं काम चांगलं दाखवलंय." कवळी पुढे केव्हातरी झाली. ते येतच राहिले.

आम्ही जी मालिका वाचत होतो तिचं नाव सांगत नाही. फुकटची जाहिरात नको. बंगळूरचा एक चित्रकार ती इंग्रजीत लिहितो आणि काढतो, आणि त्याच्या मनात येईल तेव्हा अंक निघतो. गोष्ट साधी आहे. ग्रहाग्रहांवर हवा विकणारी एक सत्ता, आणि हवा फुकट मिळावी म्हणून बंड केलेले काही वैमानिक. एका फुटक्या चंद्राच्या कपारीत त्यांचा तळ. तिथून जुनाट यानं घेऊन ते निघतात, लढतात, परत येतात. मी कॉलेजात इंग्रजी शिकवतो, त्यामुळे माझ्याकडे या गोष्टीबद्दल बोलण्यासारखं बरंच होतं. काकांकडे थोडंच होतं, पण ते दर आठवड्याला होतं.

यानाला ते गाडी म्हणत, वैमानिकाला ड्रायव्हर, तळाला डेपो आणि उल्कांच्या पट्ट्याला घाट. नायकाचं नाव त्यांना शेवटपर्यंत लक्षात राहिलं नाही. "तो केसवाला" एवढीच त्याची ओळख. या केसवाल्याने एका अंकात सेनापतीचा हुकूम मोडून, रांग सोडून, जखमी मित्राला सोडवून आणलं, तेव्हा आमच्यातली बहुतेक मंडळी हळवी झाली होती. काका म्हणाले, "परत आला ते बरं झालं. पण गेला कुणाला सांगून?"

"काका, मित्र मरत होता की तिथे!" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्या म्हैसूरच्याच जुन्या मराठी घरातल्या. त्यांचं मराठी स्वयंपाकघरापुरतं. तिथून बाहेर पडलं की कानडी सुरू होतं.

"मरू दे म्हणतो का मी, डॉक्टरम्मा? सांगून जा म्हणतो. हा पण मेला असता तर शोधायचं कुठे?"

सगळंच ते बरोबर वाचत, असं मुळीच नाही. खलनायक हा कार्यक्षम अधिकारी आहे, असं त्यांचं ठाम मत होतं. एका यानाचं उतरणं चुकीचं काढलंय यावरून त्यांनी आमच्याशी बरेच रविवार वाद घातला, आणि शेवटी असं निघालं की त्यांच्या अंकाची दोन पानं सांबारामुळे चिकटली होती. पानं सोडवल्यावर त्यांनी ती नीट पाहिली. "तरी थोडा वाकडाच उतरलाय," ते म्हणाले.

त्यांचं लक्ष असायचं ते एकाच पात्राकडे. तळाच्या तोंडाशी हातात पाटी घेऊन उभी असलेली एक बाई आहे. यान बाहेर पडलं की ती पाटीवर खूण करते, आत आलं की दुसरी. तिला नाव नाही, तोंडी वाक्य नाही. अंकात एखाद्या चौकटीत ती दिसते, तीही कोपऱ्यात. आम्ही तिला देखाव्याचा भाग समजत होतो. काका तिच्याबरोबर गाड्या मोजत होते. त्यामुळेच एक गोष्ट फक्त त्यांना कळली. सुरुवातीच्या एका अंकात सात नंबरचं यान तळावरून बाहेर पडताना स्पष्ट दिसतं. परत येताना ते दिसत नाही. ते पडल्याचं दाखवलेलं नाही, कुणी त्याच्यासाठी रडलेलं नाही, पुढच्या कुठल्याही अंकात त्याचं नाव नाही. चित्रकार विसरला होता. वाचकही विसरले होते. बंडखोरांनी तर त्या रात्री विजयाची मेजवानी केली होती.

"सात मुक्कामी असेल हो काका," कुणीतरी एकदा म्हणालं. खेड्यात रात्री थांबून सकाळी परतणाऱ्या बसला मुक्कामी गाडी म्हणतात.

"मुक्कामी असती तर पाटीवर लिहिलं असतं. आमची बेट्टदपुरची मुक्कामी असायची. पण कुठे झोपलीय ते ठाऊक असायचं."

हा केवळ कॉमिकपुरता छंद असता तर आम्ही तो गंमत म्हणून चालवून घेतला असता. पण त्यांनी तो आम्हालाही लावला. बैठक संपली की प्रत्येकाने घरी पोचल्यावर आमच्या फोनवरच्या ग्रुपमध्ये एकच शब्द टाकायचा: आत. सगळ्यांचे 'आत' येईपर्यंत ते व्हरांड्यातल्या वेताच्या खुर्चीत फोन मांडीवर ठेवून बसायचे आणि जेवायला उठायचे नाहीत. काकू मराठीत सुरुवात करून कानडीत ओरडायच्या, "अहो, झाले का सगळे? सारु आरतिदे!" सारु, म्हणजे आपलं सार, निवत चाललाय, हे त्यांचं सांगणं व्हरांड्यापर्यंत पोचायचं आणि तिथेच थांबायचं. आमची नावं त्या वेळी त्यांच्या डोक्यात नसत. वस्त्या असत. "कुवेंपुनगर आत. चामुंडीपुरम आत. येलवाल बाकी." मी जयलक्ष्मीपुरम होतो. डॉक्टरीणबाई एक जिना चढून घरी जायच्या, तरी त्यांनाही 'आत' टाकावा लागे. "अय्यो काका, मी तर इथेच असते की," त्यांनी म्हणून पाहिलं होतं. काका म्हणाले, "जिन्यावरून पडणारी माणसं कमी नाहीत."

येलवालला राहणारे गृहस्थ मूळ पुण्याचे, बेळगोळच्या एका कारखान्यात मोठ्या हुद्द्यावर. त्यांची बदली होऊन दोनेक वर्षं झाली होती. मराठी अत्यंत स्वच्छ, आणि ते स्वच्छ आहे याची त्यांना कल्पना होती. 'आत' हा प्रकार त्यांना पोरकट वाटायचा. एका रविवारी त्यांनी तो जाणूनबुजून टाकला नाही. त्या दिवशी त्यांच्याकडे पुण्याहून सासूसासरे आले होते आणि श्रीखंडाचा बेत होता. पंगत निम्म्यावर आली असताना फाटकाशी एक जुनी स्कूटर थांबली. काका हेल्मेट न काढता फाटकावरून डोकावले, येलवालसाहेबांना पाटावर बसलेलं पाहिलं, "आत," असं स्वतःशीच म्हणाले आणि स्कूटर वळवून निघून गेले. "कोण होते हो ते?" असं सासूबाईंनी विचारलं. याचं उत्तर देणं सोपं नव्हतं. साहेबांनी सांगितलं, "ओळखीचे आहेत," आणि पुढच्या रविवारपासून निमूटपणे 'आत' टाकू लागले, पण ग्रुपमधल्या सगळ्यांच्या शेवटी आणि शब्दापुढे पूर्णविराम देऊन.

मी पुस्तकं वाचणारा माणूस आहे. अशा माणसाच्या मागे काहीतरी असलंच पाहिजे, अशी माझी खात्री झाली होती. एखादी पावसाळी संध्याकाळ, एखादी न परतलेली बस, आयुष्यभराचा सल. एकदा हॉटेलात एक कॉफी दोघांत वाटून घेताना मी विषय काढला.

"काका, तुमच्या डेपोतली एखादी गाडी कधी परत आलीच नाही, असं झालं होतं का?"

"नाही."

"अपघात वगैरे?"

"अपघात झाले की. ओढून आणल्या. आल्या."

"एकही राहिली नाही?"

"एकही नाही, मेष्ट्रे." कानडीत मास्तराला मेष्ट्रे म्हणतात, आणि ते मला तसंच म्हणत.

माझी थोडी निराशा झाली. "मग इतकं मोजायचं कशाला?"

चालत्या बसमध्ये चढणाऱ्याकडे बघावं तसं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "मोजल्या नसत्या तर सगळ्या आल्या हे कळलं कसं असतं?"

मी कॉफी संपवली. त्यांच्याबद्दल माझ्या मनात जी कादंबरी तयार झाली होती ती तिथेच बंद पडली.

मग बातमी आली की मालिकेचा शेवटचा अंक निघणार. येलवालसाहेबांना वाटलं, या प्रसंगी आपण नुसतं दवाखान्यात बसून राहणं योग्य नाही. त्यांनी मंच काढला. मंचाला अध्यक्ष, दोन उपाध्यक्ष, सचिव, सहसचिव, खजिनदार आणि सल्लागार नेमले गेले. पदाधिकारी नसलेले फक्त काका आणि मी उरलो. म्हणजे मंचाचे सभासद आम्ही दोघे. अध्यक्ष अर्थात स्वतः साहेब. त्यांनी चित्रकाराला बंगळूरहून सत्काराला बोलावलं आणि तो, बहुधा त्याला याआधी कुणी कुठे बोलावलं नसावं म्हणून, लगेच हो म्हणाला.

समारंभाच्या आधीच्या रविवारी अध्यक्षांनी काकांना बाजूला घेतलं. बाजू म्हणजे दात काढायच्या खुर्चीचा आडोसा, त्यामुळे सगळ्यांना सगळं ऐकू येत होतं.

"काका, एक नम्र विनंती आहे. समारंभात सात नंबरचा विषय नको."

"का, अध्यक्षरे?"

"पाहुणे आहेत. त्यांची चूक चारचौघांत काढणं बरं दिसत नाही."

"शेवटचा अंक आहे म्हणता."

"हो."

"तो निघाल्यावर विचारून उपयोग नाही. डेपोच बंद."

"काका, ते सगळं काल्पनिक आहे हो."

काकांनी चष्मा काढून पुसला. त्यांना ते मान्य होतं की नाही, कळायला मार्ग नव्हता. सात नंबर आत घ्यायची असेल तर ती हा एकच माणूस घेऊ शकत होता, आणि तो म्हैसूरला एकदाच येणार होता. अध्यक्ष हळू आवाजात म्हणाले, "शिस्तीचं तुम्हाला मी काय सांगणार? मंचाचा निर्णय आहे. तो मोडला तर मला काहीतरी करावं लागेल."

"सरी," काका म्हणाले. ठीक आहे.

समारंभ झाला. व्यासपीठामागचा फलक स्टेजपेक्षा रुंद होता आणि त्यावर अध्यक्षांचा फोटो चित्रकाराच्या फोटोएवढाच होता, जे त्यांच्या मानाने विनयाचं म्हणावं लागेल. चित्रकार अगदी तरुण मुलगा निघाला, पायात साध्या चपला. त्याला म्हैसूर पेटा, म्हणजे तिकडची पगडी, घातला तो सैल होता, त्यामुळे तो पुढचा सगळा वेळ कानांवर तोलत बसला. चंदनाचा हार, शाल, फळांची टोपली, आणि मग अध्यक्षांचं भाषण. ही मालिका म्हणजे मानवाच्या मुक्तीच्या चिरंतन आकांक्षेचा उद्गार आहे, असं त्यांनी सांगितलं. ते तीन प्रकारे सांगितलं. काका पहिल्या रांगेत मांडीवर पिशवी घेऊन बसले होते आणि खरोखर एक शब्द बोलले नाहीत.

मुलगा बोलायला उभा राहिला तो दोन मिनिटांत संपला. त्याला भाषण येत नव्हतं. सुटका व्हावी म्हणून त्याने विचारलं, "कुणाला काही विचारायचंय का?"

"वेळेअभावी..." अध्यक्ष उठता उठता म्हणाले.

काका त्यांच्याआधी उठले होते. पिशवीतून त्यांनी जुना अंक काढला. खुणेसाठी पानात बसचं तिकीट घातलेलं होतं. ते कानडीत बोलले, मुलगाही कानडीत बोलला.

"ही सात नंबर. बाहेर पडली. आत आलेली नाही."

मुलाने अंक हातात घेतला. पुढची पानं उलटली, मागची उलटली. पेटा सरकून डोळ्यांवर आला तो त्याने काढूनच ठेवला. "माझ्याकडून राहिली, सर," तो म्हणाला. "काढायला विसरलो."

"ड्रायव्हर कोण होता?"

"कोण असं ठरवलंच नव्हतं."

"मग गाडी नेली कुणी?"

सभागृह हसलं. अध्यक्षही हसले, ते विषय हसण्यावारी न्यायचा म्हणून. मुलगा हसला नाही. त्याने अंक परत दिला आणि काकांना हात जोडले, म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं नाही. मग आभारप्रदर्शन झालं आणि लाडू वाटले.

संध्याकाळी ग्रुपवर निवेदन आलं. शिस्तभंगाबद्दल एका सभासदाचं सभासदत्व स्थगित करण्यात येत आहे, मंचाला खेद आहे. खाली ओळ दिसली: अध्यक्षांनी काकांना ग्रुपमधून काढलं होतं. मी रागाने काकांना फोन केला.

"बरोबर केलं त्यांनी," काका म्हणाले. "सांगितलं होतं. मी ऐकलं नाही. हुकूम मोडणाऱ्या ड्रायव्हरला मीही घरी बसवला असता."

"पण काका, विचारलंत ते योग्यच होतं."

"ते वेगळं."

त्यानंतर ते बैठकीला आले नाहीत. या म्हटलं तरी नाही. शिक्षा म्हणजे शिक्षा. आम्ही काही जण घरी पोचल्यावर त्यांच्या फोनवर वेगळा 'आत' पाठवत राहिलो. अध्यक्षांच्या कानावर हे जाऊ नये अशी काळजी घेतली. अध्यक्षांचंही तेव्हा फार ठीक चाललं नव्हतं. मुलाच्या शाळेसाठी बायको-मुलं पुण्याला परतली होती आणि येलवालच्या त्या मोठ्या घरात ते एकटेच होते. बैठकीत मात्र ते तसेच बोलायचे, परिच्छेद पाडून.

शेवटचा अंक आला त्या रविवारी बैठक सुरू होताना सगळ्यांनी एकदा काकांच्या खुर्चीकडे पाहिलं. एक वाक्य व्हायचं होतं, ते कुणी म्हटलं नाही. मग चर्चा झाली. शेवट अपेक्षेप्रमाणे होता. सत्ता कोसळते, बंडखोर निळ्या ग्रहावर उतरतात, मुखवटे काढून पहिल्यांदा फुकट हवा घेतात. दोन पानभर चित्र, शेकडो माणसं, नाच, केसवाला मध्यभागी. सात नंबर कुठेच नाही. अध्यक्ष या चित्रावर बराच वेळ बोलले.

डॉक्टरीणबाई ऐकत नव्हत्या. दातांत बघताना डोळ्यांना लावायचं भिंग असतं ते त्यांनी आतून आणलं, डोक्याला बांधलं आणि चित्राच्या वरच्या कोपऱ्यावर वाकल्या. तिथे आकाशात दूर फुटका चंद्र होता, नखाएवढा. बराच वेळ पाहून त्यांनी भिंग काढलं आणि अंकासकट माझ्या हातात दिलं. "सर, हे काकांकडे घेऊन जा. आत्ता."

मी बैठक संपल्याबरोबर तसाच गेलो. काका व्हरांड्यात खुर्चीत, फोन मांडीवर. आतून सारुला फोडणी दिल्याचा वास येत होता. त्यांनी भिंग डोक्याला बांधलं. ते तेव्हा एखाद्या फार म्हाताऱ्या वैमानिकासारखे दिसत होते. मी कोपरा दाखवला. चंद्राच्या कपारीत बारीकसा उजेड होता आणि त्या उजेडात, सगळे खाली नाचायला गेले असताना, पाटी घेऊन ती बाई उभी होती.

काका कोपऱ्यावर वाकलेलेच राहिले. मला वाटलं, त्यांना दिसलं नसावं.

"रिलीव्हर दिला नाही तिला," ते शेवटी म्हणाले. "एकटीला किती वेळ उभं करायचं?"

"पण सात आली नाही, काका."

"नाही आली. पण बाहेर आहे म्हणून लिहिलं गेलं." त्यांनी भिंग काढून त्याचा पट्टा काळजीपूर्वक गुंडाळला. "मुलगा कामाचा आहे."

मांडीवरचा फोन वाजला. त्यांनी तो लांब धरून वाचला. "येलवाल आत."

मला नीट ऐकू आलं नाही असं वाटलं. मी वाकून पाहिलं. अध्यक्षांचाच निरोप होता. एकच शब्द, पुढे पूर्णविराम.

"हे तुम्हाला पाठवतात?"

"दर रविवारी. ग्रुपातून मला काढलं तेव्हापासून." यात त्यांना नवल वाटण्यासारखं काही दिसत नव्हतं. "तुम्हा लोकांना सांगू नका म्हणालेत."

आतून काकूंचा आवाज आला, "अहो, झाले का सगळे?"

काका उठले नाहीत. फोन पुन्हा मांडीवर ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं.

"नाही," ते आतल्या बाजूला म्हणाले. "जयलक्ष्मीपुरम बाकी."

मी चपला घातल्या आणि निघालो.